जाळ्याची कुंडली

निवेली बंदरावर त्या यंत्राला सगळे पोपट म्हणत. एक तर ते हिरवं होतं, आणि जत्रेतला पोपट पिंजऱ्याबाहेर येऊन चिठ्ठी ओढतो तसं तेही पोटात जाळ्याचा तुकडा घेऊन तासाभराने खालच्या फटीतून एक कार्ड बाहेर ढकलायचं. कार्डावर प्लास्टिकचं नशीब असायचं. तुकडा समुद्रात कधी पडला, कुठे पडला, किती खोल राहिला, वाहत गेला की एका जागी बसून होता. कंपनीच्या भाषेत तो उगम-दाखला. शेडमधल्या बायका त्याला कुंडली म्हणायच्या, आणि दर्शना चोगले ते यंत्र चालवायची म्हणून तिला जोशीणबाई म्हणून चिडवायच्या.

दर्शनाला काम आवडायचं. निवेलीच्या मच्छीमार बायकांच्या संस्थेने २०३२ साली, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, चिंचवडच्या एका कारखान्याशी करार केला होता. समुद्राच्या तळाशी सुटलेली, तुटलेली जाळी संस्थेने काढायची, धुऊन निवडून ठेवायची. चिंचवडला त्या नायलॉनचे रेणू सुटे करून पुन्हा जोडायचे आणि साबुदाण्याएवढे दाणे पाडायचे. तिसरी भागीदार परदेशातली एक कंपनी होती, ती त्या दाण्यांपासून चष्म्याच्या फ्रेमा बनवायची. सुरुवातीला तिघांचं सुरळीत चाललं. मग दुसऱ्या एका किनाऱ्यावर कुणीतरी नवंकोरं प्लास्टिक चार महिने खाडीत बुडवून ‘समुद्रातलं’ म्हणून खपवल्याचं उघड झालं आणि गिऱ्हाइकं पुरावा मागू लागली. त्या पुराव्यासाठी पोपट आला. गंमत अशी की पुढे लोक फ्रेमपेक्षा त्या पुराव्यासाठीच चष्मा घ्यायला लागले. दांडीवरची बारीक खूण फोनला दाखवली की ते जाळं कुठल्या पाण्यात किती वर्षं होतं ते वाचता यायचं. आपल्या नाकावर एक हकिगत बसली आहे, हे लोकांना आवडत असावं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ३११ नंबरचा गठ्ठा दर्शनाच्या टेबलावर आला. तो राखणीच्या खडपातून आला होता. निवेलीच्या धक्क्यावर उभं राहिलं तर ओहोटीला ज्यांची डोकी दिसतात अशी पाण्यातल्या खडकांची ती एक रांग. मासे तिथे अंडी घालतात म्हणून गावाने तिथली मासेमारी पूर्वीच बंद केली होती, आणि संस्थेची लाँचही तिकडे फिरकत नसे. या वर्षी सफाईची परवानगी मिळाली, आणि कंपनीचे पाणबुडे स्वतःच्या बोटीने येऊन दोन दिवसांत तिथली जाळी काढून गेले. दर्शनाचा नवरा हरेश्वर ती लाँच चालवणारा तांडेल होता. खडक लाँचचा तळ फाडतील असं सांगून त्याने या सफाईला पहिल्यापासून विरोध केला होता. पाणबुडे आले तेव्हा तो लाँचच्या दुरुस्तीसाठी रत्नागिरीला गेलेला होता.

दर्शनाने तुकडा कापून यंत्रात घातला. तासाभराने कार्ड आलं. पाण्यात पडल्याचा काळ, ऑगस्ट २०२७. जागा, राखणीचं खडप. खोली अकरा मीटर. जागेवरून हललेलं नाही. तिने कार्ड फायलीत लावलं आणि जाळं गुंडाळायला घेतलं. एका ठिकाणी तिची बोटं थांबली.

जाळ्याची गाठ सगळीकडे सारखीच असते. दर्शनाची मात्र उलटी पडायची. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला जाळं विणायला शिकवलं, आणि ते डावखुरे होते. निवेलीत उलटी गाठ मारणारं दुसरं कुणी नव्हतं. या जाळ्यात ओळीने सतरा उलट्या गाठी होत्या. खेकड्यांनी कातरलेली जागा तिने पडवीत बसून नीट केली होती, अकरा वर्षांपूर्वीच्या जुलैत. जाळं जयेंद्रचं होतं.

जयेंद्र तिचा पहिला नवरा. २०२७च्या ऑगस्टमध्ये पावसाळ्याची मासेमारीबंदी उठल्यावर तो खोल समुद्रात गेला तो परत आला नाही. होडीत त्याच्याबरोबर एकटा हरेश्वर होता, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. किनाऱ्यापासून सात-आठ मैलांवर, डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून तरंगताना तो एका ट्रॉलरला सापडला. चाळीस मैलांवर, पश्चिमेला, लाटेने होडी उलटली आणि जयेंद्र जाळ्यासकट गेला, असं त्याने सांगितलं. प्रवाहाने हरेश्वरला इतकं किनाऱ्याकडे आणलं असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. गावच्या बारा होड्या चार दिवस पश्चिमेला शोधत राहिल्या. काही मिळालं नाही.

पुढे हरेश्वर घरी येत राहिला. पावसाआधी कौलं शाकारून दे, सासूबाईंना दवाखान्यात ने, असं त्याचं चालू असे. चार वर्षांनी सासूबाई अनुबाईंनी स्वतःच विषय काढला आणि दोघांचं लग्न लावून दिलं. लग्नानंतर कितीतरी महिने त्याला हाक काय मारावी हेच दर्शनाला कळेना. ‘भावजी’ म्हणता येईना आणि ‘अहो’ जिभेवर येईना. शेवटी ती नुसतं ‘तुम्ही’वर आली. तो ‘वहिनी’वरून ‘दर्शना’वर आला. संसार चांगला झाला होता. हे ती कुणालाही शपथेवर सांगू शकली असती.

आणि आता हे जाळं म्हणत होतं की ते धक्क्यावरून दिसणाऱ्या खडकात अकरा वर्षं पडून होतं.

तिने दुसऱ्या टोकाचा तुकडा कापून घातला. तेच कार्ड आलं. मधला घातला. तेच. बायका जेवायला गेल्या तेव्हाही ती पोपटासमोर बसून होती. यंत्र चुकतंय हे तिला पटत होतं, फक्त कुठे चुकतंय ते समजत नव्हतं.

डॉक्टर यास्मिन मुकादम दुसऱ्या दिवशी आल्या. पोपट मूळचा त्यांच्या प्रयोगशाळेतला. त्या दापोलीकडच्या, बंदरावर वाढलेल्या, त्यामुळे बायकांशी त्यांचं जमायचं. दर्शनाने त्यांना एवढंच सांगितलं की ३११ची जागा चुकीची येते आहे. हे जाळं चाळीस मैल आत हरवलं होतं, ते खडपात कसं सापडेल? वाहत आलं असेल ना?

मुकादम मॅडमनी भिंगाखाली एक धागा धरला आणि तिला जवळ बोलावलं. धाग्यावर पांढऱ्या, वळलेल्या बारीक नळ्या चिकटल्या होत्या. समुद्रातले किडे चुन्याची अशी घरं बांधतात आणि दर वर्षी ती थोडी वाढवतात. ऑक्सिजनचे अणू दोन जातींचे असतात, हलके आणि जड. पावसाच्या पाण्यात हलके जास्त. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी समुद्रात येतं तेव्हा किनाऱ्यालगतचं पाणी हलकं होतं, आणि त्या महिन्यांत बांधलेला नळीचा भागही हलका होतो. चाळीस मैलांवर खाडीचं पाणी पोचतच नाही, तिथल्या नळीवर असा पट्टा उमटत नाही. या नळीवर पट्टे होते, आणि ते मोजून अकरा होते. म्हणजे अकरा पावसाळे हे जाळं खाडीच्या तोंडाशीच होतं. त्यांच्याआधी आणखी एक अर्धवट पट्टा होता, म्हणजे जाळं पडलं तेव्हा पाऊस सुरू होऊन महिने झाले होते.

“आणि हा धागा ऊन खाल्लेला नाही,” त्या म्हणाल्या. “पृष्ठभागावर वाहत आला असता तर उन्हाने त्याचे रेणू तुटले असते, हाताने ओढला तरी भुगा झाला असता. हा पडला तसा खाली बसला. त्यातला गाळ आणि जिवाणूसुद्धा राखणीच्याच खडपाचे आहेत. एक्याण्णव टक्के खात्रीने मी सांगू शकते.”

“उरलेले नऊ?”

“ते माझ्या अज्ञानाचे. पण त्या नवांतही चाळीस मैल बसत नाहीत.”

मग त्यांचं लक्ष उलट्या गाठींकडे गेलं आणि त्यांना फार आनंद झाला. एका बाईच्या हाताची ओळख पटणारी गाठ, अकरा वर्षं एका जागी, गावाच्या डोळ्यांसमोर. परदेशातले भागीदार अशाच हकिगतीच्या शोधात असतात, त्या म्हणाल्या. त्या बाईचा पत्ता लागला तर फोटो काढून कार्डाबरोबर पाठवू. दर्शना त्या गाठींवरून बोट फिरवत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “मॅडम, जाळ्यात माणूस अडकला असता, तर पोपटाला कळलं असतं का?”

मुकादम मॅडमनी हातातला धागा खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे.

“अकरा वर्षांनी नाही,” त्या हळू म्हणाल्या. “आपल्याकडचं पाणी गरम. एवढ्या काळाने त्यातलं काही उरत नाही.”

त्यानंतर त्यांनी फोटोचा विषय काढला नाही. निघताना एवढंच सांगितलं की नियमाप्रमाणे कार्ड आठ दिवस अडवून धरता येतं. रविवारपर्यंत तिने नोंद पूर्ण केली नाही तर गठ्ठा करारातून बाद होईल, साध्या भंगारात जाईल, आणि कुणी काही विचारणारही नाही. ही सोय त्यांनी मुद्दाम सांगितली हे दर्शनाच्या लक्षात आलं.

तीन दिवस ती घरात नेहमीसारखी वावरली आणि मनात एकेक हिशोब मांडून मोडत राहिली. हे जाळं दुसऱ्या कुणाला दिलेलं असेल. जयेंद्रने विकलं असेल. होडीत दोन जाळी असतील. पण जाळं तिने जुलैत नीट केलं होतं आणि ऑगस्टमध्ये ते पाण्यात पडलं होतं, आणि मधल्या दिवसांत ते दाराशीच वाळत होतं हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. अनुबाई समोर बसून तांदूळ निवडायच्या. त्यांचा मुलगा पश्चिमेच्या खोल पाण्यात आहे, म्हणून खोल पाण्यातला मासा त्यांनी अकरा वर्षं तोंडात घातला नव्हता. सुरमई घरात येत नसे. किनाऱ्यालगतचे, खडपाच्या आसपासचे मासे मात्र त्या आवडीने खायच्या.

गुरुवारी दुपारी हरेश्वर लाँच घेऊन परतला. बायका जेवायला गेल्या होत्या. तो शेडमध्ये आला, चेष्टेने काहीतरी म्हणाला आणि त्याची नजर टेबलावर गेली. दर्शनाने जाळं पसरून ठेवलं होतं. तिला काही विचारायची गरजच पडली नाही. त्याने जाळं एका नजरेत ओळखलं आणि तो तिथल्याच पोत्यावर बसला.

“पाणबुड्यांना आणखी काही सापडलं?” त्याने विचारलं.

“नाही.”

त्याने जाळ्याची कड हातात घेतली. मग सांगू लागला, थांबून थांबून, मध्येच मागे जाऊन. तीन दिवस खोल समुद्रात फिरून काही मिळालं नव्हतं. हवा बिघडत होती म्हणून ते परत फिरले. सकाळी गाव नजरेच्या टप्प्यात आल्यावर जयेंद्र म्हणाला, रिकाम्या हाताने काय जायचं, राखणीत एक फेरा टाकू. राखणीच्या बंदीसाठी घरोघर फिरून सह्या गोळा करणारा जयेंद्रच होता, त्यामुळे हरेश्वरला आधी ते थट्टेत वाटलं. कुणी विचारलं तर मासे चाळीस मैलांवरचे म्हणून सांगायचं, असं दोघांचं ठरलं. पाऊस धरून आला होता, धक्क्यावर कुणी नव्हतं. जाळं टाकलं आणि ते खडकात अडकलं. सोडवायला जयेंद्रने बुडी मारली. दोनदा वर आला, श्वास घेतला, थोडंच राहिलंय म्हणाला. तिसऱ्यांदा गेला तो वर आलाच नाही.

हरेश्वरने स्वतः दोनदा बुडी मारली. खाडीच्या पाण्याने सगळं गढूळ होतं, स्वतःचा हात दिसत नव्हता. वरती जाळ्याचा दोर होडीला बांधलेला, त्यामुळे होडी लाटांना आडवी अडकून पडली होती आणि आत पाणी भरत होतं. तेव्हा त्याने दोर कापला. होडी तरीही उलटली. खाडीच्या लोंढ्याने तिला आणि त्याला बाहेर समुद्रात ओढून नेलं.

“ट्रॉलरवाल्यांनी विचारलं, कुठे उलटली. तोंडात आधीच ठरवलेलं होतं. तेच आलं. चाळीस मैल.”

“आणि नंतर?”

“नंतर बारा होड्या निघाल्यासुद्धा होत्या, वहिनी.”

सात वर्षांनी त्याच्या तोंडून तो शब्द आला, आणि आला हे त्यालाही कळलं नाही.

दर्शना म्हणाली की होड्या चार दिवस फिरत होत्या. चार दिवसांत एकदा तरी सांगायचं होतं. त्यावर तो म्हणाला की रोज सकाळी सांगायचं ठरवायचो. पहिल्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील काल का नाही सांगितलंस. दुसऱ्या दिवशी ते दोन दिवसांचं झालं. मग जयेंद्रचं नाव निघायला लागलं, राखण वाचवणारा माणूस म्हणून. तो राखणीतच चोरून जाळं टाकताना गेला, हे कुणाच्या तोंडावर बोलणार?

दर्शनाला रागाची वाट बघावी लागत होती. राग येत होता आणि मध्येच कुठेतरी वळून दुसरीकडे जात होता. कधी तो हरेश्वरवर असे, कधी जयेंद्रवर, ज्याने असा फेरा टाकायला सांगितलं. कधी स्वतःवर, की चार वर्षांत आणि पुढच्या सात वर्षांत या माणसाच्या तोंडावर तिला काहीच कसं वाचता आलं नाही. समोर बसलेला माणूस तिला पूर्ण ओळखीचा वाटत होता आणि तरी त्याच्याबद्दल एकही गोष्ट नक्की म्हणून सांगता येत नव्हती. कौलं शाकारून देणारा हात आणि दोर कापणारा हात एकच होता. पहिला दुसऱ्यामुळे होता का? आणि तसं असेल, तर घरात गेली सात वर्षं जे काही होतं ते काय होतं?

“माझ्याशी लग्न केलंत ते कशासाठी?” तिने विचारलं.

“आधी प्रायश्चित्त म्हणून,” तो म्हणाला. “नंतर तसं राहिलं नाही. कधी बदललं ते विचारशील तर मला सांगता येणार नाही.”

आणखी एक प्रश्न तिच्या मनात होता. तो तिने विचारला नाही. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून हरेश्वर लाँचवरच राहू लागला. घरात तिने अनुबाईंना सांगितलं की लाँचचं काम अजून संपलेलं नाही.

पण हे फार टिकलं नाही. शुक्रवारी सकाळी अनुबाईंनी तिला धरून समोर बसवलं आणि विचारलं, तुमचं दोघांचं काय झालंय. दर्शनाने सांगायला सुरुवात केली ती भांडणाची काहीतरी सबब सांगावी म्हणून. दोन वाक्यांत ती खऱ्यावर आली. सगळं सांगून झालं तरी अनुबाई रडल्या नाहीत. त्यांची बोटं सुपातल्या तांदळात तशीच थांबली होती.

“म्हणजे मी इतकी वर्षं इथले मासे,” त्या म्हणाल्या आणि पुढे बोलल्याच नाहीत.

दोन वेळा त्यांनी जेवणाचं ताट परत पाठवलं. शनिवारी सकाळी ओहोटीच्या वेळी नेसणीचं लुगडं बदलून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “हरेशला सांग होडी काढायला. मला तिकडे जायचंय. तूपण ये.”

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांनी अधू. हरेश्वरने त्यांना धक्क्यावरून जवळजवळ उचलूनच छोट्या होडीत घेतलं. त्याच्या हाताला त्यांनी नकार दिला नाही, त्याच्याशी बोलल्याही नाहीत. पाऊण मैलाचं अंतर, दहा मिनिटं लागली. समुद्र सपाट होता. खडकांची काळी डोकी वर आली होती, त्यांच्यावर बगळे उभे होते. मागे वळलं तर धक्का दिसत होता, संस्थेची शेड दिसत होती, चोगल्यांच्या घराचं कौलारू छप्परसुद्धा. हरेश्वरने इंजिन बंद केलं आणि एका जागेकडे बोट दाखवलं.

अनुबाई होडीच्या कडेला धरून खाली वाकल्या. या दिवसांत पाणी स्वच्छ असतं. खाली खडकाच्या बेचक्यात शेवाळ हलत होतं, बारीक मासे घोळक्याने वळत होते. जाळं काढल्यानंतर तिथे नवीन काही दिसत नव्हतं. जुनंही नव्हतं. बराच वेळ त्या पाहत होत्या. मग सरळ बसल्या आणि हरेश्वरकडे पाहिलं.

“दोर कापलास तेव्हा दोराला ओढ लागत होती का?”

दर्शनाने विचारला नव्हता तो प्रश्न हाच होता.

हरेश्वर खाली बघत होता. होडी सावकाश गोल फिरत होती.

“लागत होती, काकी,” तो म्हणाला. “पण ती लाटेची होती का त्याची, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.”

तो खोटं बोलला असता तर सोपं होतं. नव्हती लागत, म्हणाला असता तर कुठल्याही यंत्राला त्याला खोटं पाडता आलं नसतं. अकरा वर्षांचे पट्टे मोजणाऱ्या पोपटाला ती दोन-चार मिनिटं कधीच मोजता आली नसती. दर्शनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरं बोलतो आहे की त्याला स्वतःला शिक्षा करून घ्यायची आहे, हेसुद्धा तिला ठरवता येईना.

अनुबाईंनी हात पाण्यात बुडवला आणि तो तसाच बराच वेळ धरून ठेवला. बाहेर काढला तेव्हा पदराला पुसला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता फिरव होडी.”

धक्क्यावर उतरताना त्यांनी पुन्हा त्याच्याच खांद्याचा आधार घेतला. त्याचा अर्थ काय लावायचा हे दर्शनाने विचारलं नाही. दुसरा धरायला खांदा नव्हता म्हणूनही असेल.

त्याच संध्याकाळी हरेश्वर संस्थेचा कारभार बघणाऱ्या पाच बायकांपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. राखणीतल्या फेऱ्यापासून दोरापर्यंत. जयेंद्रचं नाव तरी वगळ, असं एकीने सुचवलं. तो म्हणाला की अर्धं सांगून अकरा वर्षं काढली, आता पुरे. लाँच त्याच्याकडे ठेवायची की नाही यावर बायकांचं एकमत होईना. दोघी रडत होत्या. एक उठून निघून गेली, तिचा नवरा त्या बारा होड्यांतल्या एकीवर होता. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

रविवारी सकाळी दर्शना एकटीच शेडमध्ये गेली. ३११ची नोंद अजून उघडी होती. गठ्ठा भंगारात सोडायचा तर काहीच करावं लागणार नव्हतं, नुसतं घरी बसायचं. ती पडद्यासमोर बसली. जाळं कसं सुटलं, या प्रश्नाखाली चार पर्याय होते: वादळ, अडकून तुटलं, कापलं, माहीत नाही. ‘माहीत नाही’वर तिचं बोट फार वेळ राहिलं, कारण तिच्यापुरतं तेच खरं होतं. पण तो प्रश्न जाळ्याबद्दल होता, माणसाबद्दल नव्हता. जाळ्याचं काय झालं ते तिला माहीत होतं. तिने ‘कापलं’ निवडलं. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं: या जाळ्यातल्या सतरा गाठी दर्शना चोगले हिने मारल्या आहेत. ते सोडवताना जयेंद्र चोगले, वय चौतीस, याच जागी बुडाला.

मुकादम मॅडमचा फोन लगेच आला. हा शेरा जगभर कुणालाही वाचता येईल, तिने नीट विचार केला आहे ना, असं त्यांनी विचारलं. परदेशातले भागीदार अशा जाळ्याच्या फ्रेमा बनवायला नकार देऊ शकतात, किंवा उलट त्यांच्यावर उड्याही पडू शकतात. दोन्ही तिला त्रासाचंच होईल. दर्शना म्हणाली की त्यांनी काय करायचं ते त्यांनी बघावं. कार्डावर खरं असलं पाहिजे, करारात तसंच लिहिलंय.

घरी आली तेव्हा हरेश्वर अंगणात उभा होता. लाँचवरची पिशवी त्याच्या हातात होती. अनुबाईंनी बोलावलं म्हणून आलो, तो म्हणाला. पण राहायचं की सामान घेऊन जायचं हे तू सांग. पाळंद्याच्या बाजूला त्याची एक मावशी होती, तिच्याकडे जायची त्याची तयारी होती.

दर्शनाने पिशवीकडे पाहिलं. गेले तीन दिवस ती या क्षणासाठी वाक्य जुळवत होती आणि एकही तिला आता आठवत नव्हतं. त्याला जा म्हणावं असं वाटण्याची तिने वाट पाहिली. तसं वाटलं. मग राहा म्हणावंसंही वाटलं, तितकंच, आणि पहिलं वाटणं गेलं नाही.

“मला अजून काही कळलेलं नाही,” ती म्हणाली. “तुमच्याबद्दल नाही आणि माझ्याबद्दलही नाही. कळेपर्यंत इथेच राहा.”

“आणि कळल्यावर?”

“कळल्यावर सांगेन.”

त्याने पिशवी खाली ठेवली. मग त्याने चपला काढल्या, आणि ती दारातून बाजूला झाली.